पंचमीच्या सकाळची हवा

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही. ती एकोणचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली, आणि हे माहीत न होताच गेली. मुलाजवळ बोलण्याचा प्रश्नच नाही — तो मला सरळ माणूस समजतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते नाही. हे पहिलं पान मी चार वेळा लिहून टाकून दिलं आहे.

कागदावरून आठवलं — पण नाही. त्या कागदाचं नंतर सांगतो.

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात, शेतीच्या एका संशोधन संस्थेत. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिचा यात काही दोष नाही. प्रयोगाच्या शेतांवर जाऊन नोंदी घ्यायच्या, हे माझं काम. पावसाचं माप, मातीचं तापमान, रोपांची उंची. चौतीस वर्षं हेच केलं. माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडत नाही, अशी माझी ख्याती होती. आज वाटतं — तेव्हाच कुणाला शंका कशी आली नाही? चिखलात उभं राहून लिहिणाऱ्या माणसाची वही इतकी स्वच्छ असते का?

निवृत्त झाल्यावर संस्थेनं मला करारावर परत बोलावलं. मुळशीतल्या भातखाचरांतून निघणारा एक वायू मोजायचा प्रकल्प होता. प्रमुख एक तरुण शास्त्रज्ञ बाई होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. शेतं पिरंगुटजवळच्या भरे गावात. म्हणून मी आणि बायको पिरंगुटला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागलो. खोलीला बाहेरच्या बाजूनं एक अरुंद गॅलरी होती. ती गॅलरी लक्षात ठेवा.

वायूचं नाव नायट्रस ऑक्साइड. पहिल्या दिवशी मॅडमनी भऱ्याला पारूबाईंच्या ओसरीवर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. खाचरं पारूबाईंची होती. युरिया टाकला की पिकाला लागतं तेवढं नत्र पीक घेतं, उरलेल्यातलं काही मातीतले जिवाणू या वायूत बदलतात. खाचर पाण्यानं भरलेलं असलं की थोडा. पाणी उतरून माती उघडी पडू लागली की एकदम पुष्कळ. मग तो वर जातो, ढगांच्याही वर, आणि सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर झिजवतो. एकदा वर गेला की शंभराहून जास्त वर्षं टिकतो. आणि गंमत म्हणजे, दाताचे डॉक्टर कधीकधी हुंगायला देतात, तो हसवणारा वायू हाच.

पारूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्या खाचरात हसायचा वायू निगतोय व्हय? मग लावणीला कंबर मोडती तवा आमाला का न्हाई हसू येत?"

मॅडम हसल्या. मी हसलो. सगळ्यांत जास्त हसली ती पारूबाईंची सून, कमल.

कमल तेव्हा पंचवीस-सव्वीसची असेल. दहावी झालेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मॅडमनी तिला रोजावर मदतीला घेतलं आणि पंधरा दिवसांत ती मदतनीस राहिलीच नाही — काम तीच करू लागली. काम असं : लावणीच्या वेळीच मातीत पत्र्याची एक चौकट कायमची बसवून ठेवलेली. तिच्या कडेला खोबण, खोबणीत पाणी. त्यावर पारदर्शक पेटी बसवायची, म्हणजे हवा आत कोंडली जाते. पेटी ठेवल्याबरोबर सिरिंजनं आतली हवा ओढून रबरी बुचाच्या बाटलीत भरायची. पंधरा मिनिटांनी परत. तीस मिनिटांनी परत. तीन बाटल्या, आणि कागदावर वेळ, पाणी किती, माती कशी. बाटल्या संस्थेत यंत्रावर जायच्या. कागद माझ्याकडे यायचे — मी ते नोंदवहीत उतरवायचो.

अर्धा तास बांधावर नुसतं बसायचं. मला ते कंटाळवाणं वाटायचं. कमलला नाही. ती नवऱ्याचं घड्याळ हातात घालून बसायची. काट्याकडे बघताना तिच्या ओठांची हालचाल व्हायची — मनात सेकंद मोजत असावी. मॅडमनी तिला शब्द दिला होता : या हंगामाच्या नोंदी नीट आल्या तर पुढची तीन वर्षं प्रकल्पावर सहायक म्हणून तिचंच नाव. तिनं हे सासूला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. "पक्कं झालं की मंग सांगीन घरात," म्हणाली होती.

मला का सांगितलं असेल? मी तिला बापासारखा वाटत असेन का? — हा प्रश्न मी फार वेळ धरून बसत नाही.

आता गॅलरीचं. त्या पावसाळ्यात — २००३चा पावसाळा — माझा उजवा गुडघा सुजला होता. आठवड्यातले तीन दिवस कमल नोंद घ्यायची, उरलेले मी. जोराचा पाऊस असला, गुडघा ठणकत असला, की मी भऱ्याला जात नव्हतो. गॅलरीत उभा राहून सिरिंजनं बाहेरची हवा ओढायचो आणि तीन बाटल्या भरायचो. शून्य, पंधरा, तीस. तिन्ही एका मिनिटात. एकदा बायकोनं विचारलं, हे काय करता? सिरिंज तपासतोय, म्हणालो. ती आत गेली.

किती वेळा केलं? चार वेळा. कदाचित पाच. मला नक्की आठवत नाही, आणि जो माणूस चौतीस वर्षं सगळं नक्की लिहीत होता त्याला नेमकं हेच आठवू नये, याला काय म्हणायचं?

पण ते चार-पाच दिवस माझ्या मानगुटीवर बसलेले नाहीत. एकच सकाळ बसलेली आहे.

युरियाचा दुसरा हप्ता टाकला की पुढचे दहा दिवस रोज नोंद घ्यायची होती. तेच दिवस महत्त्वाचे. मॅडम त्यांचीच वाट बघत होत्या. त्यांचा अंदाज होता की या दिवसांत कधीतरी वायूचा लोंढा येईल, आणि तो सापडला तरच शेतकऱ्यांना युरिया कधी द्यावा, पाणी कधी सोडावं, हे सांगता येईल. पावसानं उघडीप दिली होती. सहाव्या दिवशी नागपंचमी आली.

पंचमीला मातीत काही खुपसायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही. घरात चिरणंसुद्धा नाही. वर्ध्याला आमच्या घरीही हेच होतं, मला ते नवं नव्हतं. आदल्या दिवशी पारूबाई बांधावर आल्या आणि म्हणाल्या, उद्या पेटी नको. मी लगेच हो म्हणालो. फार लगेच. गुडघा त्या दिवशी भोपळ्याएवढा झाला होता.

कमल म्हणाली, "काका, पेटी तर चौकटीवर बसती. मातीला कुटं लागती?"

बरोबर होतं तिचं. चौकट महिन्यापूर्वीच बसलेली होती, पेटी फक्त वर ठेवायची. मला हे सुचलं नव्हतं — किंवा सुचायला नको होतं. मी म्हणालो, "तू सण कर. मी बघतो."

मी बघतो. याचा तिनं काय अर्थ घेतला असेल? म्हातारा सुजलेला गुडघा घेऊन उद्या एकटा चिखलात उतरणार.

तुम्ही म्हणाल, नोंदवहीत एक चौकोन कोरा सोडायचा होता. पंचमी, नोंद नाही. एवढंच. पण महिन्याभरापूर्वी मी मॅडमसमोर मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो — माझ्या वहीत सण नसतो. ते वाक्य मला परत घेता येईना. म्हणून पंचमीच्या सकाळी सातला मी गॅलरीत उभा राहिलो. खाली कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या. शेजारी सणाची पुरणाची दिंडं उकडत होती, त्यांचा वास येत होता. तो वास, तो धूर, ती पिरंगुटची हवा मी तीन बाटल्यांत भरली आणि चिठ्ठ्या चिकटवल्या : भरे, खाचर तीन.

मग स्कूटर काढून भऱ्याला निघालो. नोंद घ्यायला नव्हे. कुणी विचारलंच तर सकाळी काका आले होते असं गावानं म्हणावं, म्हणून.

इथं मी थांबलो होतो. काल इथवर लिहिलं आणि उठलो. आज पुन्हा बसलो आहे.

रस्त्याच्या वळणावरून तिसरं खाचर दिसतं. मधे दोन खाचरं आहेत, पण जमीन उतरती आहे, त्यामुळे स्वच्छ दिसतं. बांधावर पितळी ताट होतं. त्यात दुधाची वाटी, लाह्या. कमल वारुळाची पूजा करून परत येताना घरी न जाता शेतावर आली होती. सणाची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पेटीवर ऊन पडू नये म्हणून छत्री उघडून धरलेली. आणि दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ती उभी होती. अगदी स्तब्ध.

मी तिला पाहिलं. हे मी सात वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. मी तिला पाहिलं. स्कूटर चालूच होती, एक पाय रस्त्यावर टेकलेला, आणि मी तिला चांगलं मिनिटभर पाहिलं.

खाली गेलो असतो तर? माझ्या बाटल्या ओढ्यात फेकल्या असत्या, तिच्या घेतल्या असत्या, संपलं असतं. पण तिनं विचारलं असतं, काका, तुमी कसं आलात, पिशवीत काय हाय? मला तेवढंही तोंड द्यायचं नव्हतं. मी स्कूटर वळवली.

दुसऱ्या दिवशी संस्थेची जीप आली. ती आधी पिरंगुटला माझ्याकडे थांबायची, मग भऱ्याला जायची. मी माझ्या तीन बाटल्या दिल्या. भऱ्याला कमलनं तिच्या तीन दिल्या. मला वाटलं होतं, पूजेचा दिवस म्हणून ती लपवील. ती कशाला लपवील? परत जाताना जीपवाल्यानं तिचा कागद नेहमीसारखा माझ्याकडे टाकला.

तो कागद मी वाचला. वहीचं पान, निळी शाई :

"नागपंचमी. सकाळी ८ ते ८.३०. खाचर ३. पाणी नाही. माती बारीक भेगाळली. दक्षिणेच्या बांधाला खेकड्याचं भोक, पाणी त्यातून गेलं. भोक बुजवलं नाही, कारण आज माती उकरायची नसते. उद्या आत्या बुजवतील."

आत्या म्हणजे सासू. पारूबाईंनी दुसऱ्या दिवशी ते भोक खरोखरच बुजवलं, खेकड्यांना शिव्या देत. मी तिथं होतो.

आठ-दहा दिवसांनी मॅडम पिरंगुटला आल्या. एकाच दिवसाचे, एकाच खाचराचे दोन संच. माझ्या बाटल्यांत नुसती हवा. कमलच्या बाटल्यांत लोंढा — पहिलीपेक्षा दुसरीत जास्त, दुसरीपेक्षा तिसरीत जास्त. खेकड्यानं पाणी सोडलं होतं, माती उघडी पडली होती, युरिया ताजा होता. ज्याची मॅडम वाट बघत होत्या तोच दिवस कमलनं धरला होता. मॅडमनी विचारलं, काका, यातलं खरं कोणतं?

मी म्हणालो, कमल त्या दिवशी शेतावर गेलीच नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही, तरीही काही फरक पडला नसता. पण मी थांबलो नाही. पंचमीला या गावच्या बायका शेतात पाय ठेवत नाहीत, म्हणालो. तिनं घरामागं उकिरड्याजवळ बाटल्या भरल्या असणार, तिथं हा वायू भरपूर असतो. मॅडम म्हणाल्या, पण आकडे पायरीपायरीनं वाढलेत, पेटी लावल्याशिवाय असं होत नाही. मी म्हणालो, पेटी उकिरड्यावरही लावता येते.

बघा, किती चांगलं सुचलं मला. मी जे केलं होतं, तेच मी तिच्यावर टाकलं. आणि तिच्या घरचा सण त्याला पुरावा म्हणून लावला.

मॅडम सरळ होत्या. एकाचं ऐकून निकाल देणाऱ्या नव्हत्या. आम्ही भऱ्याला गेलो. बांधावर चौघं उभे होतो — मॅडम, मी, कमल, आणि काय चाललंय ते बघायला आलेल्या पारूबाई. मॅडमनी कमलला विचारलं, पंचमीला तू इथं आली होतीस का?

कमलनं सासूकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. तिला एकाच वेळी दोन ठिकाणी खरं ठरायचं होतं, आणि ते शक्य नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "कागुद दिलाय की. त्यात समदं लिवलंय."

ती स्वतः बोलणार नव्हती, तिच्यासाठी कागद बोलणार होता. खेकड्याचं भोक बोलणार होतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"कागद आला नाही," मी म्हणालो.

तो माझ्या शर्टाच्या खिशात होता. चौघडी करून. मी का घेऊन आलो होतो तो बरोबर? द्यायचं मनात होतं का माझ्या? तसं असेलही. असं म्हणून मला काही सोडवून घ्यायचं नाही.

पारूबाईंना बोलण्याचा रोख कळला आणि त्या तडकल्या. "पंचमीला आमच्या घरची बाई मातीत जात न्हाई, बाई. वारुळाला गेली, दूध वाहिलं, घरला आली. आमी काय येडे हाय का सणाला पेटी घिऊन बसायला?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, का त्या घराची अब्रू राखत होत्या, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

कमल माझ्याकडे बघत होती. मी पेटीकडे बघत होतो. किती वेळ गेला असेल? मला तो अर्ध्या तासासारखा वाटला.

मग मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. त्यांनी आपल्या कागदावर तिच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली.

जाताना कमल माझ्यामागून रस्त्यापर्यंत आली. पेटीची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "काका, तुमची स्कूटर पिवळी हाय. लई लांबनं वळखू येती."

आणि वळून गेली.

महिन्याभरात मी ती स्कूटर विकली. बायकोला म्हणालो, गुडघ्याला झेपत नाही.

प्रकल्पाची पुढची तीन वर्षं मीच काम केलं. अहवालात लिहिलं गेलं की त्या भागातल्या खाचरांतून हा वायू नगण्य निघतो. मॅडम शेवटच्या भेटीत म्हणाल्या, माझा अंदाज चुकला, काका. मला वाटायचं एखादा दिवस तरी सापडेल. मी त्यांना चहा आणून दिला. त्या दुसरीकडे गेल्या. हे त्यांना अजून माहीत नाही. या लिखाणाची एक प्रत त्यांच्या जुन्या पत्त्यावर टाकतो आहे, पोचेल की नाही माहीत नाही.

कमल पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला लागली. संध्याकाळी कंपनी सुटली की ती बस स्टॉपवर उभी असायची, आणि मी भाजी घेऊन तिथूनच जायचो. दुसरा रस्ता नव्हता असं नाही, पण तो लांबचा होता. दर वेळी ती विचारायची, "बरं हाय का, काका?" दर वेळी. टोमणा नसायचा त्यात. तो असता तर मी घरी जाऊन जेवू शकलो असतो.

गेल्या वर्षी पेपरात वाचलं की ओझोनला झिजवणारे जे वायू आता माणसाच्या हातून वर जातात, त्यांत हाच सगळ्यांत पुढं आला आहे. बातमी मी तीनदा वाचली. मला कळतं, भऱ्याच्या एका खाचरानं आभाळ फाटत नाही. माझ्या तीन खोट्या बाटल्यांनी सूर्य जास्त भाजत नाही. पण असं आहे — त्या सकाळी तीस मिनिटं झाल्यावर कमलनं पेटी उचलली असेल. आत कोंडलेलं सुटलं असेल. ते वर गेलं. मॅडम म्हणाल्या होत्या, शंभराहून जास्त वर्षं. म्हणजे मी जाईन, कमल जाईल, तिची मुलं म्हातारी होतील, आणि त्या सकाळचं ते तिथं असेलच. मी कागद खिशात घातला म्हणून ते नव्हतं असं झालं नाही. दुपारी गॅलरीत बसतो तेव्हा वर बघण्याचं मी टाळतो. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, वर काही दिसणार नाही हे मला माहीत आहे. तरी बघत नाही.

कागद माझ्याजवळ आहे. घड्यांवर विरला आहे, पण निळी शाई वाचता येते. तो या लिखाणाला जोडला आहे.

माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसायची. ही पहिली.

२००३, नागपंचमी. भरे, खाचर तीन. या दिवसाच्या माझ्या नावावरच्या तिन्ही बाटल्या खोट्या. त्या पिरंगुटला गॅलरीत भरल्या. सकाळी आठ ते साडेआठ पेटी कमलनं लावली होती. पाणी नव्हतं. दक्षिणेच्या बांधाला खेकड्याचं भोक होतं. मी रस्त्यावर होतो. मी पाहिलं.